तिसऱ्यांदा माफी

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजताच सगळी इमारत तळघरात उतरली. शिंपीणकाकूंच्या शेजारी दोघे सख्खे भाऊ बसले. चार वर्षांचा अबोला.

“दादा, दुसऱ्यांदा मागतोय, मला माफ कर.”

“आईचं शिलाई मशीन भंगारात देताना विचारलं होतंस? नाही करणार.”

“दोनदा झालं. आपले धर्मगुरू रब्बी म्हणाले, माफी मनापासून तीनदा मागायची. तिसऱ्यांदाही नाही म्हणालास, तर दोष तुझ्या माथी आणि मी मोकळा. काकू, तुम्ही साक्षीला. दादा, माफ कर.”

वर कुठेतरी स्फोट झाला. दिवे गेले.

“केलं.”

“काय?”

“माफ केलं.”

“अरे, असं कसं? मी मोकळा होत होतो की!”

“म्हणूनच केलं. सरक जवळ. आता दर भोंग्याला इथंच बसायचंय तुला.”