पाणघोड्याचा जबडा

...नाही, मला एक सांगा, माणसानं तोंड उघडं ठेवायचं म्हणजे किती वेळ? काही मर्यादा? इथं, कानापाशी, जबडा कट्‌कन वाजतो... थांबा हं... आला ऐकू? हां! हे सगळं आमच्या हिच्या स्वतंत्र व्यवसायापायी! चांगली विमा कंपनीत नोकरी हो, खिडकीजवळची खुर्ची, पंखा बरोब्बर डोक्यावर, आणि एका संध्याकाळी घरी आली, पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "अहो, उद्यापासून मी भिंतींवर चित्रं काढणार." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मला वाटलं, आमच्या भिंतींवर! तर नाही, लोकांच्या! राजीनामाच देऊन आली होती! लगेच सासूबाईंचा फोन, "जावईबापू, शिकलीसवरलेली मुलगी शिडीवर चढणार आणि तुम्ही खाली बघत उभे राहणार?" तिकडे तिचे साहेब, "बाई, महिनाअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो, विचार करा." आणि ही? बाल्कनीत डबे, मोरीत ब्रश, माझ्या दाढीच्या मगातही ब्रश... एक दिवस मी निळ्या हनुवटीनं ऑफिसात! पण तुम्हाला सांगतो, ही गुणगुणायला लागली होती हो. लग्न झाल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. मग मी आपला... बरं!

काम मात्र येईना. आणि आलं ते कुणाचं? दातांच्या डॉक्टरांचं! मुलं बाहेरच्या खोलीतच भोकाड पसरतात, तर तिथल्या भिंतीवर काहीतरी गंमत काढा. आता हे डॉक्टर मास्क न काढताच बोलणार, "हफरा दाफ काढा, हाफाफ ब्रफ!" काय? तर 'हसरा दात काढा, हातात ब्रश'! ही म्हणाली, "डॉक्टर, दाताच्या नावानंच तर मुलं रडतात. मी पाणघोडा काढते. भिंतभर, आ वासलेला." डॉक्टर म्हणाले, "काढा, पण आवडला नाही तर भिंत पुन्हा पांढरी करून द्यायची." कबूल!

पण जबडा जिवंत दिसायला हवा ना? हिची नजर घरभर फिरली आणि... माझ्यावर थांबली. "अहो, जरा आ करा." मी म्हटलं, बरं... तर ओरडली, "मिटू नका!" रोज संध्याकाळी, ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत आ! शेजारीण साखर मागायला आली, घाबरलीच. "अगं बाई, भावजींना काय झालं?" तर ही शांतपणे, "काही नाही, ते पाणघोडा आहेत." आहेत! आदरार्थी!

झालं, चित्र पुरं झालं. डॉक्टरांनी पाहिलं आणि मास्क काढला. म्हणजे प्रकरण गंभीर! "बाई, हे भयंकर आहे. पुसा." आणि ही? पांढऱ्या रंगाचा रोलर हातात घेऊन भिंतीसमोर उभी, ओठ घट्ट मिटलेले. मला खिडकीजवळची ती खुर्ची दिसायला लागली. मी हळूच म्हटलं, "अगं, काढ ना एक हसरा दात कोपऱ्यात, काय बिघडतंय?" तर म्हणाली, "सगळं पुसेन, पण तो दात काढणार नाही." डोळ्यांत पाणी, आणि रोलर वर उचलला...

एवढ्यात दार उघडलं! गाल सुजलेली एक चिमुरडी, आई तिला ओढतेय, आणि पोरीची नुसती रडारड! पोरीनं भिंत पाहिली. गप्प. पुढं आली, पाणघोड्याकडे बघितलं आणि त्याच्याहून मोठा आ केला! "आई, माझं मोठं की त्याचं?" डॉक्टर झटकन खाली वाकले, "तुझंच मोठं! अशीच थांब, अशीच..." दाढ तपासून झालीसुद्धा! मग हिच्याकडे न बघताच म्हणाले, "रोलर ठेवा तो बाई, थेंब पडतायत."

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी ही घरापर्यंत चालत आली, रिक्षा नको म्हणाली, रंगानं माखलेले हात हवेत नाचवत पुढच्या भिंतींबद्दल बोलत होती. आता कामामागून काम! पाळणाघर झालं, केस कापायचं दुकान झालं. सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्यात, "आमच्या मुलीची स्वतःची शिडी आहे!"

परवा फोन आला, जनावरांच्या डॉक्टरांचा. दवाखान्याची अख्खी भिंत! ही आनंदानं उडीच मारायची बाकी. मग फोन ठेवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला चार पायांवर किती वेळ उभं राहता येईल?"

मी म्हटलं, बरं... सध्या गुडघ्यांना तेल चोळतोय.