काडतुसांचा वर्ग चालूच राहील

सन्माननीय अध्यक्ष मिलो टेब्बे, पाद्री स्टेगिंकसाहेब, मंचावरचे शिकार-क्लबचे पदाधिकारी आणि स्वयंपाकघरात अजून कॉफी ओतत असलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

क्लबचा जमाखर्च माझ्याकडे, म्हणून आज काय खर्च आला ते आधी सांगते. केक, बेचाळीस डॉलर. भिंतीवरचं घड्याळ, सत्तर. हॅमचे पाव घरोघरून आले, म्हणून फुकट, आणि चवीला सगळ्यांत चांगले तेच. एवढा खर्च कशापायी? तर माझे यजमान आर्लो यांनी इतकी वर्षं मुलांना शिकारीचे नियम शिकवले, आता त्यांनी विश्रांती घ्यावी म्हणून. विश्रांती मागितली होती कोणी? हसू नकोस लूएला, मी गंमत करत नाहीये.

नोव्हेंबरात काय झालं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण केक कापताना कोणी बोललं नाही. अध्यक्षांचे मेव्हणे डर्क यांनी सोयाबीनच्या शेतात हरीण पाडलं. बंदूक वडिलांची, उत्तरेच्या जंगलातली. तिथे ती चालते. आपल्या इकडे शेतांना लागून घरं आहेत, म्हणून काडतूस सरळ बाजूंचंच हवं. बाटलीसारखी निमुळती मान असलेलं चालत नाही, त्याची गोळी फार लांब जाते. तशी ती गेलीच. हरणातून आरपार निघाली आणि शेजारच्या फेना बूसच्या गोठ्याच्या भिंतीत रुतली. फेना नुकतीच बादली धुवायला बाहेर आली होती. प्रभूचे आभार मी रोज मानते. पण दर वेळी त्यानेच धावून यायचं का?

आर्लोंनी शेतातलं रिकामं काडतूस उचललं, निमुळत्या मानेचंच. मिलो, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणालात, "अरे आर्लो, एक हरीण ते काय! घरातल्या घरात मिटवू."

हे म्हणाले, "फेनाला विचारलंस का, मिटलं का म्हणून?"

"माझ्या बायकोचा भाऊ आहे रे तो!"

"म्हणून तर. उद्या पोरं विचारतील, डर्ककाकांना नियम वेगळा का? काय सांगू?"

आणि यांनी शिकार-निरीक्षकाला फोन लावला. डर्कना दंड झाला. पुढच्याच बैठकीत क्लबने वर्गाची खोली काढून घेतली. वर्ग नाही तर मुलांना शिकारीचा दाखला नाही, आणि दाखल्यावाचून पोरं काय घरी बसणार आहेत? वडिलांची बंदूक खांद्याला लावून निघतील, काडतूस न बघता.

परवा डर्क आमच्या दारात आले, टोपी हातात. म्हणाले, "डार्लावहिनी, माझ्या नातीला वर्गात घ्याल? माझ्याकडून शिकली तर तिचं काही खरं नाही." मिलो, ज्यांना दंड झाला त्यांचा राग गेला. तुमचा कधी जायचा?

तेव्हा स्पष्टच सांगते. आम्ही निरोप घेत नाही. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी वर्ग भरेल, आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये. बाकं पाद्रीसाहेब देणार आहेत. साहेब, मान खाली घालू नका, तुम्ही शब्द दिलाय.

आपण आलात, आपुलकीने खाऊपिऊ घातलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. जे बोलले ते मात्र मागे घेत नाही. डर्कच्या नातीचं नाव लिहून झालंय. तुमच्या मुलांची नावं आज घरी जाण्याआधी मला सांगा. मिलो, तुमच्या नातवाचंसुद्धा.