स्वस्तातली लायसन्स की

मला विचाराल, तर लॅपटॉपमध्ये नवं विंडोज टाकायचं काम पोलीस घरी येणार असतील त्या दिवशी काढू नये. मी काढलं. दुबईतल्या नोकरीसाठी पासपोर्टचा अर्ज केलाय, हेच त्या दिवशी डोक्यातून गेलं होतं. लायसन्स की मला एका साइटवर नवी पेठेतल्या दुकानापेक्षा निम्म्या किमतीत मिळाली. धाकटी बहीण म्हणाली, "एवढी स्वस्त म्हणजे चोरीची असणार. पकडतात हं."

मी कीची पंचवीस अक्षरं भरली, स्क्रीनवर 'ॲक्टिव्हेटेड' आलं आणि दाराची बेल वाजली. दारात हवालदार.

"मॅडम, जरा चौकशी करायची होती."

"साहेब, चोरीची आहे हे मला खरंच माहीत नव्हतं."

"काय चोरीचं?"

मी सगळं सांगून टाकलं. साइट, किंमत, पावती मिळाली नाही तेसुद्धा. मागून बहीण गप्प बसायच्या खुणा करत होती. हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी पासपोर्टच्या चौकशीला आलोय."

नोकरी गेली म्हणून मी उभ्याउभ्या रडायच्या बेतात होते.

"पण चालू झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"आमच्या पोरीच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात ॲक्टिव्हेट करा म्हणून अक्षरं येत्यात. लई दिवस झालं. साइटचं नाव लिहून द्या की."

मी दिलं. चिठ्ठी खिशात घालून त्यांनी अर्जावर माझी सही घेतली आणि जिन्यावरून मागे वळून म्हणाले, "न्हाय चालू झालं, तर मात्र परत चौकशीला यावं लागंल."