आईचे न ऐकलेले वाक्य

श्रोतेहो, सुख दाराशी यावे आणि ते स्वीकारणारे मनच घरी नसावे, तर दोष कोणाचा? सुखाचा, की मनाचा? घाईने उत्तर देऊ नका. आधी ऐका.

चारुलता पटवर्धन नावाची एक विदुषी होती. मनाचे शास्त्र जाणणारी! माणूस सुखी केव्हा असतो, हा तिचा शोध. तिने लावलेली घंटा शेकडो लोकांच्या फोनवर अवचित वाजे आणि प्रश्न उमटे — 'या क्षणी मन कुठे आहे?' उत्तरांतून निघाले काय? मन हातच्या कामात, तर माणूस सुखी. भरकटले, की दुःखी! हसता काय मंडळी? तुमचे मन आत्ता बाहेर चपलांपाशीच उभे आहे!

बाई प्रामाणिक. तीच घंटा स्वतःच्या फोनवरही ठेवलेली. वाईला आई अंथरुणाला खिळली होती. चारुलता उशाशी बसून पेज भरवीत होती.

"चारू, ऐकतेस ना गं?"

"हं. बोल ना, आई."

आई क्षीण स्वरात काही बोलली. थांबली. डोळे मिटले. तोच घंटा वाजली — 'मन कुठे आहे?' मन होते दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानात! आणि व्याख्यानाचा विषय? एकाग्रता!

"आई, काय म्हणालीस? पुन्हा सांग ना! आई!"

पुन्हा कोण सांगणार? माउली गेली होती.

मग बाई डोंगरावरच्या आश्रमात ध्यानाला बसली. मोक्ष नको, शांती नको. ते एक वाक्य हवे! चित्त स्थिरावले. पंख्याची घरघर आठवली, पेजेचा वास आला, आईचे हलणारे ओठही दिसले. शब्द मात्र नाहीत!

"महाराज, आणखी किती बसू?"

वृद्ध आचार्य म्हणाले, "बसलीस तर मन निवेल, पोरी. वाक्य मिळणार नाही. जे पेटीत ठेवलेच नाहीस, ते पेटी उघडून कसे सापडेल?"

"मग निवलेल्या मनाचं मी करू काय?"



पुढे चमत्कार घडला म्हणून सांगू? नाही घडला! शास्त्र खरे होते, ध्यानही खरे होते. आई तेवढी नव्हती. आज कोणी बोलू लागले, की चारुलता हातातले सारे खाली ठेवते. तुम्ही म्हणाल, सुख साधले! छे — ती भिते.

आणि तुम्ही? घरी जाल. कोणी विचारील, "ऐकताय ना?" तुम्ही 'हं' म्हणाल. एवढे ऐकूनही 'हं'च म्हणाल!

असो. त्या माउलीचे बोल निदान ईश्वराच्या कानी पडलेले असोत; आणि तिच्या लेकीला, कधीतरी, शांत झोप लाभो.