टिपलीनं ससा धरला तेव्हा

सशामागं पळायला कुत्रं उंचच पाहिजे म्हन्ता? मग आमच्या टिपलीचं ऐका.

हैद्राबाद राज्य तुटून आमचं भीमपूर आंध्रात गेलं, त्याच साली मी लग्न होऊन तिथं आली. ससे रोज हरभऱ्याचे कोंब खाऊन टाकत. म्हणून सासूबाई अन् मी राखणीला बसलो होतो. सोबत आमची कुत्री टिपली, मांजरीहून जराशी मोठी. तेवढ्यात जमिनीच्या पाहणीला नवा गिरदावर, पटवाऱ्यावरचा साहेब, आला. त्याचा शिकारी कुत्रा माझ्या कमरेला लागे.

टिपलीकडं पाहून तो हसला. "अम्मा, ये चुहिया क्या पकड़ती?"

इतक्यात ससा उठला. बाप रे, त्याचा कुत्रा काय सुटला! पाय जमिनीला लागतच नव्हते. पन ससा वळला की कुत्रा दहा हात पुढं निघून जाय. असे शेताला तीन फेरे झाले. मी तर श्वास घ्यायचीच विसरली.

टिपली आरामात उठली, अंग झटकलं अन् शेताच्या कडेला, धुऱ्याच्या काटेरी कुंपणात एक भोक होतं, त्याच्या तोंडाशी जाऊन बसली. चौथ्या फेऱ्याला ससा नेमका त्याच भोकाकडं आला. तिनं गपकन मान धरली!

अजून आठवलं की अंगावर काटा येते.

गिरदावरानं डोक्यावरची टोपी काढली. "अम्मा, ये तो दौड़ीच नहीं!"

"तिनं काऊन पळावं, साहेब?" सासूबाई म्हणाल्या. "पळायला तुमचा होता नं."