पांढरा बाबा

नाही नाही, धंदा बसला म्हणून विकत नाहीये — तसं कुणी सांगितलं असेल तर डोक्यातून काढून टाका. सकाळी आला असतात तर ब्रेडची रांग बघितली असतीत. ही भट्टी बघा, हात लावा, केव्हाची बंद आहे तरी कोमट आहे की नाही? आहे. डावीकडे जरा जास्त तापते, तिकडचे ट्रे मध्येच फिरवावे लागतात — तेवढा एक नखरा आहे तिचा, बाकी गुणी आहे. आणि हे पीठ मळायचं यंत्र, हे आवाज करतं, पण करू दे, आवाज बंद झाला की घाबरायचं. मग विकता का — विचारणारच तुम्ही. मुलीसाठी. चार वर्षांची आहे. तिला गहू चालत नाही. अंडं चालत नाही. दूध नाही, शेंगदाणा नाही, तीळ नाही. हसा, हसा, मीही हसलो होतो आधी — एवढी मोठी दुनिया, आणि पोरगी जन्माला आली ती बेकरीवाल्याच्या घरी. या दुकानातलं पाणी तेवढं चालतं तिला.

छे, खाण्याचं नाही हो एवढं. ते बायकोनं केव्हाच बसवून घेतलंय — वेगळी भांडी, वेगळा ओटा, पाकिटावरची बारीक अक्षरं डोळे फुटेस्तोवर वाचते बिचारी. प्रश्न माझा आहे. मी घरी जायचो तो असा — मैदा केसांत, भुवयांत, कानात, आणि हाताला लोणी. पोरगी धावत यायची, पायाला मिठी मारायची, आणि घटकाभरात तिच्या अंगभर लाल लाल गांधी उठायच्या. आता एवढ्याशा जिवाला काय समजावणार? म्हणून आम्ही खेळ काढला. माझ्याच डोक्यातला — मी दारात आलो की बायको ओरडणार, पांढरा बाबा आला, पळा, आणि पोरगी खिदळत पलंगाखाली. मी भुतासारखा आवाज काढत सरळ मोरीत, अंघोळ, दुसरे कपडे, की झालो खरा बाबा. मग घ्यायचं उचलून. फार छान चाललं. इतकं छान चाललं की विचारू नका. पुढे मी इथेच, मागच्या नळाखाली अंघोळ करून, घरचे कपडे घालून जायला लागलो — तरी ती पळायचीच. आम्हाला वाटायचं, खेळतेय. खेळतच होती म्हणा आधी. पण हळूहळू खिदळणं थांबलं आणि पळणं तेवढं राहिलं.

मग ते शेजारच्यांकडचं झालं. चांगली माणसं आहेत, मुद्दाम कोण करतंय — दह्यातला चमचा नुसता पुसून दिला तिला. ओठ हे एवढे सुजले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. बायकोनं मांडीत इंजेक्शन टोचलं — ते कायम जवळ असतं आमच्या — आणि उचलून हॉस्पिटलात नेलं. मला इथे फोन. मी पीठ मळत होतो, तसाच धावत सुटलो, एप्रनसुद्धा काढला नाही. खोलीच्या दारात पोचलो तेव्हा लक्षात आलं, आपण कसे आलोय ते. ती कॉटवर, तोंडाला मास्क, आणि मला बघून तिनं दोन्ही हात वर केले. किती दिवसांनी केले हो. मास्कच्या आतून म्हणाली, "बाबा, घे." आणि मी दारात उभा, हात पाठीमागे लपवून, कोपरापर्यंत मैदा. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा — बरोबरच होतं त्यांचं, त्यांचं काहीच चुकलं नाही. मी घासून घासून धुतलं, तिथलाच एक सदरा मागून घातला, परत आलो, तोवर तिनं हात खाली घेतले होते. झोपली नव्हती. माझ्याकडेच बघत होती.

त्यानंतर कधी वर केले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, अंघोळ केलीत की खुशाल जवळ घ्या, काही होत नाही. मोठेपणी दूध-अंडं चालायलाही लागेल कदाचित, असंही म्हणतात. लागेल ना. पण तोवर ती कडेवर घ्यायच्या वयाची राहणार आहे का? बायको म्हणते, स्वतःच्याच पोटावर पाय देताय, कळेल पोरीला मोठी झाल्यावर. पण माझं ठरलंय. हार्डवेअरवाल्याशी बोललोय, त्याच्याकडे काउंटरवर बसेन, खिळे विकेन — खिळ्यांनी कुणाला गांधी उठत नाहीत. पोरीलाही सांगितलं, की आता बाबा पांढरा होणारच नाही, कध्धी नाही. ऐकून घेतलं तिनं. मान हलवली. शहाणी आहे फार, इतक्या लहान वयात इतकं शहाणं असू नये माणसानं.

काल दुकानाला सुट्टी होती. दिवसभर घरीच होतो, अंगावर मैद्याचा कण नाही. जमिनीवर बसलो आणि हात पुढे केले. ती आली. खरंच आली हो, अगदी जवळ — आणि तिनं आपली बाहुली माझ्या हातात दिली. म्हणाली, हिला घे. घेतली मी. छातीशी धरली, थोपटली — काय करणार दुसरं? ती समोर उभी राहून बघत होती, मी नीट घेतोय ना ते. मग हात पुढे करून बाहुली परत मागितली, मोरीत घेऊन गेली आणि साबण लावून धुतली. केस, तोंड, हात, सगळं. रागानं नाही हो, अजिबात नाही — गाणं म्हणत होती.

मग दुकान विकून काय होणार, ते मला विचारू नका. तुम्हाला भट्टी बघायची होती, बघितलीत. या आता. नाही, शटर राहू द्या — मी ओढतो.