यादीतली पहिली वस्ती

देवगाव रंगारीच्या बसची वाट पाहत माझ्या शेजारी एक मामा आणि टँकरच्या कचेरीत संगणकावर काम करणारी त्यांची भाची बसली होती.

“अपेक्षा, आमच्या वस्तीचा टँकर बंद का केला गं?”

“बद्रीमामा, तुमच्या वाट्याचं पाणी देऊन झालंय, असं संगणक दाखवत होता.”

“पहिलाच टँकर आल्ता की! देऊन कसं झालं?”

“माझीच चूक. प्रत्येक टँकर आधीच्या बेरजेत मिळवत जा, अशी क्वेरी, म्हणजे संगणकाला सूचना, लिहिली. नवी वस्ती आली की बेरीज शून्यापासून धर, हे सांगायचं राहिलं. यादीतल्या आधीच्या वस्त्यांचं पाणी तुमच्यात धरलं गेलं.”

“म्हंजी पेलं त्यांनी, आन् भरलं आमच्या नावावर?”

“व्हय मामा. दुरुस्त केलंय. पण सोमवारी साहेबांची सही होईपर्यंत जुनाच हिशेब चालेल, मग टँकर सुटेल.”

“सोमवारपत्तुर लेकरं काय पितील? कुणाचं तरी बरोबर आलं का?”

“फक्त पहिल्या वस्तीचं. अंबावाडीचं.”

“ती पहिली कशी?”

“यादी अक्षरांप्रमाणे लागते.”

बस लागली. मामा उठले नाहीत.

“मंग सोमवारपत्तुर आमच्या वस्तीचं नाव अ वरून कर, बाई. मंगळवारी आमचं नाव आम्हाला परत दे.”